शिफारशी तशाच ठेवा, त्यांच्याखालची गृहीतके तपासा

गुडघा आणि खुब्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठीची (सांध्यांच्या झिजेच्या आजारासाठीची) फिजिओथेरपी मार्गदर्शिका आपापल्या ठिकाणी लागू करणाऱ्या समित्यांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,

स. न. वि. वि.

दर काही वर्षांनी आपली समिती बसते, दुसऱ्या देशात तयार झालेली एखादी भक्कम मार्गदर्शिका समोर ठेवते आणि ती स्थानिक परिस्थितीला अनुरूप करून प्रसिद्ध करते. पुढे ती माझ्यासारख्या, बाह्यरुग्ण विभागात सकाळभर गुडघे आणि खुबे तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर येते. पहिली दोन पाने वाचली जातात, मग ती कपाटात जाते. बैठकांमध्ये याचे खापर वाचणाऱ्यांवर फुटते. मला मात्र दोष वेगळ्या ठिकाणी दिसतो. अनुरूप करताना जे बदलायला हवे ते तसेच राहते, आणि ज्याला हात लावायचा नाही ते सैल केले जाते.

आधी, ज्यावर वाद नाही ते सांगून टाकते. नेदरलँड्सच्या फिजिओथेरपी संघटनेची २०१८ ची मार्गदर्शिका, आंतरराष्ट्रीय ऑस्टिओआर्थ्रायटिस संशोधन संस्थेची २०१९ ची, अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची २०१९ ची आणि ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शिका बनवणाऱ्या संस्थेची २०२२ ची, या चारही शेजारी ठेवल्या तर तपशिलात फरक दिसतात, पण गाभा एकच आहे. रुग्णाला आजार समजावून सांगा, त्याला झेपेल असा पण खरोखरीचा व्यायाम द्या, वजन जास्त असेल तर ते उतरवायला मदत करा. बाकी सगळे त्यानंतर. इतके एकमत वैद्यकात फार थोड्या विषयांवर असते. म्हणजे काय करायचे, हा प्रश्न आपल्या समितीपुढे जवळजवळ उरलेलाच नाही. उरतो तो कोणी, कुठे, किती वेळा आणि कशाच्या भरवशावर करायचे, हा. आणि घोडे पेंड खाते ते इथेच.

कारण प्रत्येक शिफारशीखाली एक अख्खी व्यवस्था गृहीत धरलेली असते. नेदरलँड्सचेच उदाहरण घ्या. तिथे २००६ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओथेरपिस्टकडे जाता येते. २०१८ पासून गुडघा आणि खुब्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी देखरेखीखालच्या व्यायामाची १२ महिन्यांत १२ सत्रे मूलभूत विम्यातच मिळतात. या जमिनीवर त्यांची मार्गदर्शिका उभी आहे. तीत रुग्णांचे तीन गट केले आहेत: ज्यांना माहिती आणि घरच्या व्यायामाच्या सूचना पुरतात ते, ज्यांना थोडा काळ देखरेख लागते ते, आणि ज्यांना दीर्घकाळ लागते ते. ही विभागणी मला फार आवडते. पण जिथे रुग्ण स्वतःच्या खिशातून पैसे देतो, अर्धा दिवस प्रवासात घालवतो आणि आधी दुसऱ्याच कोणाकडून तीन महिने गोळ्या घेऊन आलेला असतो, तिथे तिसऱ्या गटातला माणूसही पहिल्याच गटासारखा एकदा येऊन जातो. ‘देखरेखीखाली १२ सत्रे’ ही ओळ आपण जशीच्या तशी छापली, तर आपण शिफारस केली असे होत नाही. आपण फक्त एका दूरच्या विम्याचे वर्णन केले असे होते.

पद्धतीची उणीव आहे असेही नाही. ‘अडाप्ट’ ही अनुरूपीकरणाची पायरीवार पद्धत उपलब्ध होऊन बरीच वर्षे झाली. २०१७ मध्ये पुराव्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत आखणाऱ्या ‘ग्रेड’च्या मंडळींनी प्रत्येक शिफारस स्वीकारायची, बदलायची की नव्याने करायची, हे ठरवण्याची चौकट दिली. त्या चौकटीत फायदे आणि तोटे यांच्याबरोबरच रुग्णांची मूल्ये, लागणारी साधनसामग्री, समन्याय, स्वीकारार्हता आणि व्यवहार्यता हे सगळे प्रश्न विचारायचे असतात. मार्गदर्शिकांचा दर्जा मोजणाऱ्या ‘अ‍ॅग्री २’ या साधनात २३ मुद्दे आणि सहा विभाग आहेत. त्यातला एक विभाग फक्त ‘हे प्रत्यक्षात वापरता येईल का’ याचा. जगभरच्या मार्गदर्शिकांना सहसा सर्वात कमी गुण मिळतात ते याच विभागात. तेव्हा आपण एकटेच चुकतो असे नाही. पण त्यात समाधान मानण्यासारखेही काही नाही.

आता जे सैल होते त्याविषयी. सर्वात आधी बळी जातो तो व्यायामाच्या मात्रेचा.

नेदरलँड्सच्या मूळ मार्गदर्शिकेत स्नायूंची ताकद वाढवण्याचा व्यायाम म्हणजे काय, हे स्पष्ट आहे. आठवड्यातून किमान २ दिवस, इतका भार की साधारण ८ ते १५ वेळा केल्यावर स्नायू खरोखर थकावा, आणि सोपे वाटू लागले की भार वाढवायचा. स्थानिक आवृत्तीत येईपर्यंत याचे ‘गुडघ्याचे व्यायाम नियमित करावेत’ एवढेच होते. सोबत एक चित्र असते: झोपलेला माणूस, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, टॉवेल दाबा आणि दहा अंक मोजा. पहिल्या आठवड्यात, गुडघा सुजलेला असताना, हा व्यायाम ठीकच आहे. पण तोच व्यायाम तेवढ्याच जोराने तीन वर्षे करत असलेले रुग्ण मी पाहते. ते आज्ञाधारक असतात, एक दिवस चुकवत नाहीत, आणि त्यांच्या मांड्या तरीही बारीकच असतात. मग व्यायामाने काही फरक पडत नाही असे ते म्हणतात, आणि त्यांच्या बाबतीत ते खरे असते. औषधाचे नाव लिहून मिलिग्रॅम न लिहिणारी चिठ्ठी आपण चालवून घेतली नसती.

इथे ‘आमच्याकडे साधने नाहीत’ हे उत्तर येते. मान्य. पण साधन बदलणे वेगळे आणि मात्रा सोडणे वेगळे. लेग प्रेस (पायांनी वजन ढकलण्याचे) यंत्र नसेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे आहे. खुर्ची उंच असली की सोपे, बुटकी असली की अवघड. म्हणजे भार कमी-जास्त करण्याची सोय तिथेच झाली. एक पायरी चढणे-उतरणे आहे. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या वाढवत नेता येतात. वजन किलोत मोजता येत नसेल तर ‘शेवटचे दोन वेळा करताना जड गेले पाहिजे’ हे माप कोणालाही समजते. आपल्या समितीने नेमके हेच काम करायला हवे होते: प्रत्येक यंत्रासमोर बिनयंत्राचा पर्याय, आणि त्या पर्यायातही मात्रा शाबूत ठेवलेली. त्याऐवजी यंत्राचा उल्लेख गाळला जातो आणि त्याच्याबरोबर आकडेही.

दुखण्याच्या बाबतीतही तेच. रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, ‘व्यायामाने दुखले तर थांबवू का?’ त्याला उत्तर देणारी ओळ स्थानिक आवृत्त्यांमध्ये क्वचित सापडते. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या ‘ग्लॅड’ या कार्यक्रमात साधा नियम आहे: ० ते १० च्या मोजपट्टीवर २ पर्यंतचे दुखणे बिनधास्त, ५ पर्यंतचे चालेल, आणि व्यायामाने वाढलेले दुखणे २४ तासांत मूळ पातळीवर यायला हवे, नाही आले तर पुढच्या वेळी मात्रा थोडी कमी. एवढा एक नियम रुग्णाच्या हाती दिला तर निम्म्या भीतीला उत्तर मिळते. त्याला ना विमा लागतो ना इमारत.

सैल होणारी दुसरी गोष्ट म्हणजे यंत्रोपचार. ‘नाइस’ने २०२२ मध्ये अल्ट्रासाउंड, टेन्स आणि इंटरफेरेन्शियल (दोन्ही त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देण्याचे उपचार), लेझर हे सगळे ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी देऊ नका असे सांगितले. अमेरिकन मार्गदर्शिकेत टेन्सच्या विरोधात ठाम शिफारस आहे. तरीही स्थानिक आवृत्तीत ‘रुग्णांच्या अपेक्षा लक्षात घेता आवश्यकतेनुसार’ अशी मखलाशी करून ही यंत्रे मागच्या दाराने परत येतात. ती का येतात, हे मला आपल्याइतकेच ठाऊक आहे. रुग्णाला मशीन लावले की उपचार झाल्यासारखे वाटते. एका वेळी चार जणांना मशीन लावून पाचव्याकडे बघता येते. व्यायाम शिकवायचा तर एकाच माणसापाशी उभे राहावे लागते. आणि बऱ्याच ठिकाणी आकारणी मशीनवर होते, समजावून सांगण्यात गेलेल्या वीस मिनिटांवर होत नाही. ही कारणे खरी आहेत. पण ती आर्थिक आणि व्यवस्थेची कारणे आहेत, पुराव्याची नाहीत. त्यांना उत्तरही व्यवस्थेतच शोधायला हवे: सल्ला आणि व्यायामाच्या सत्राला स्वतंत्र दर असावा असे मार्गदर्शिकेत लिहा, गटाने व्यायाम घेण्याची पद्धत लिहा. रुग्णांच्या अपेक्षेकडे बोट दाखवून शिफारसच मऊ करणे हा सोयीचा मार्ग झाला. ती अपेक्षा बऱ्याच अंशी आम्हीच वर्षानुवर्षे मशीन लावून तयार केली आहे.

जाता जाता: समितीतल्या कोणाचा यंत्रांच्या विक्रीशी, प्रशिक्षणाशी किंवा प्रायोजकत्वाशी संबंध असेल तर तो छापा. ‘अ‍ॅग्री २’ मध्ये याचा वेगळा विभागच आहे.

आता जे बदलायला हवे पण तसेच राहते, त्याकडे वळते. फरक पडला की नाही हे मोजण्यासाठी ‘वोमॅक’ ही प्रश्नावली वापरा, असे अनेकदा सुचवले जाते. त्यात २४ प्रश्न आहेत: ५ दुखण्याचे, २ आखडण्याचे, १७ दैनंदिन हालचालींचे. या १७ मध्ये पायमोजे घालणे आणि काढणे आहे, बाथटबमध्ये उतरणे आणि बाहेर येणे आहे, मोटारीत बसणे-उतरणे आहे. जो माणूस मोजे घालत नाही, ज्याने बाथटब पाहिलेला नाही आणि जो मोटारीने फिरत नाही, तो या प्रश्नांना काय उत्तर देणार? तो अंदाजाने ‘थोडा त्रास’वर खूण करतो आणि आपण त्याची बेरीज करतो. उलट ज्या हालचालीसाठी तो आला आहे ती, म्हणजे जमिनीवर बसून उठणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, या यादीत नाहीच. ४२ प्रश्नांच्या ‘कूस’ या दुसऱ्या प्रश्नावलीमध्ये उकिडवे आणि गुडघ्यावर बसण्याचे प्रश्न आहेत, पण ते खेळ आणि करमणुकीच्या विभागात टाकलेले आहेत. ज्यांना रोज शौचाला उकिडवे बसावे लागते त्यांच्यासाठी ती करमणूक नव्हे.

याचा परिणाम फक्त मोजणीवर होत नाही, उपचाराच्या ध्येयावरही होतो. सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६० ते ६५ अंश वाकला तरी पुरते. उकिडवे बसायला तो १२० अंशांच्या बराच पुढे जावा लागतो, आणि खुबाही बराच वाकावा लागतो. चालण्यासाठी आखलेला कार्यक्रम पूर्ण करून, आकड्यांत सुधारणा दाखवून, रुग्ण घरी जातो आणि तिथे जमिनीवरून उठता येत नाही म्हणून पुन्हा कोणाचा तरी हात धरतो.

यावर आमच्यापैकी अनेकांचा ठरलेला सल्ला म्हणजे ‘खाली बसणे कायमचे बंद’. या सल्ल्याला आधार म्हणून बीजिंगच्या अभ्यासाचा हवाला दिला जातो. त्या अभ्यासात तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवे बसण्याचा आणि म्हातारपणी गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचा संबंध आढळला होता, हे बरोबर. पण तरुणपणी तासन्‌तास बसण्याने जोखीम वाढते, यावरून साठीतल्या बाईने दिवसातून दोनदा जमिनीवर बसले तर तिचा गुडघा बिघडेल असे निघत नाही. शिवाय जमिनीवर जगणाऱ्या माणसाला खाली बसणे बंद करायला सांगणे म्हणजे त्याला घरातल्या घरात बाजूला बसवणे. मला इथे पायऱ्यापायऱ्यांचा सल्ला हवा आहे. सूज आणि तीव्र दुखणे असताना काही आठवडे टाळा, नंतर उंच स्टुलावरून बुटक्या स्टुलावर आणि तिथून जमिनीवर या, उठताना कशाचा आधार घ्यायचा ते शिका, दीर्घकाळ एकाच स्थितीत राहू नका. शौचालयात उंच बैठक किंवा पकडायला दांडा बसवता येत असेल तर तो बसवा. असे एक पान आपल्या मार्गदर्शिकेत असते, तर ती कपाटात गेली नसती.

खुब्याचे थोडक्यात सांगते. मार्गदर्शिका गुडघा आणि खुबा जोडीने घेतात, पण खुब्यावरचे पुरावे खूपच कमी आहेत आणि अनेक शिफारशी गुडघ्यावरून उचललेल्या असतात. शिवाय दोन्हींचे प्रमाण सगळीकडे सारखे नसते. त्याच बीजिंगमध्ये वयस्क स्त्रियांत गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळला, आणि खुब्याचा मात्र गोऱ्या अमेरिकनांच्या तुलनेत ८० ते ९० टक्क्यांनी कमी. जिथे खुबा क्वचित दिसतो तिथे तो निसटतोही लवकर, कारण खुब्याचे दुखणे अनेकदा गुडघ्यात जाणवते आणि रुग्ण गुडघ्यावरच हात ठेवतो. अशा ठिकाणच्या मार्गदर्शिकेत ‘गुडघा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाचा खुबा आत-बाहेर फिरवून पाहा’ ही एक ओळ दहा पानांच्या खुबा-प्रकरणापेक्षा उपयोगी पडेल.

धोक्याच्या खुणांची यादी तर नव्यानेच लिहायला हवी. ‘नाइस’च्या मते वय ४५ किंवा त्याहून जास्त, हालचालीशी निगडित दुखणे, आणि सकाळचा ताठरपणा नसणे किंवा अर्ध्या तासाच्या आत जाणे, एवढ्यावर एक्स-रेशिवाय निदान करता येते. हे अगदी योग्य आहे आणि खर्च वाचवणारेही. पण हा नियम जिथे लिहिला गेला तिथे सांध्यांचा क्षयरोग दुर्मीळ आहे. जिथे तो आढळतो तिथे खुबा आणि गुडघा ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. रात्री वाढणारे दुखणे, उतरत जाणारे वजन, बारीक ताप, एकाच सांध्याची हटवादी सूज, या खुणा मार्गदर्शिकेत ठळक असायला हव्यात, आणि त्या दिसल्यावर व्यायाम न देता कुठे पाठवायचे, हेही.

मनुष्यबळाचा प्रश्न सर्वात मोठा, आणि त्यावरच सर्वात कमी लिहिलेले असते. काही कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पुनर्वसनाचे प्रशिक्षित मनुष्यबळ १० लाख लोकांमागे १० पेक्षाही कमी आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसरीकडे, जगात २०२० मध्ये सुमारे ५९.५ कोटी लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. प्रत्येकाला देखरेखीखाली १२ सत्रे, हे गणित कुठल्याच कागदावर जुळत नाही. तेव्हा मार्गदर्शिकेत पूर्ण कार्यक्रमाबरोबर एक किमान कार्यक्रमही हवा, आणि तो दुय्यम म्हणून परिशिष्टात ढकललेला नको. माझ्या अनुभवावरून सुचवते: तीन भेटी. पहिल्या भेटीत तपासणी, समजावणे आणि तीन-चारच व्यायाम, मात्रेसह. दुसरी भेट दोन आठवड्यांनी, फक्त व्यायाम बघण्यासाठी आणि भार वाढवण्यासाठी. तिसरी दीड-दोन महिन्यांनी, खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येते ते पुन्हा मोजण्यासाठी. मधल्या काळात फोन. या आराखड्यामागे चाचणी नाही, तो माझा अंदाज आहे. पण आज प्रत्यक्षात जे घडते आहे, म्हणजे एकच भेट आणि एक छापील कागद, त्यामागेही चाचणी नाही.

व्हिडिओवरून सल्ल्याबाबत पुरावा चांगला आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, गुडघेदुखीच्या रुग्णांना फिजिओथेरपिस्टने व्हिडिओवरून दिलेला सल्ला समक्ष भेटीपेक्षा कमी ठरला नाही. मात्र ती चाचणी ज्यांच्याकडे इंटरनेटची सोय होती अशांवर झाली. आपल्या भागातल्या सत्तरीतल्या रुग्णाकडे फोन कोणाचा असतो, हे विचारल्याशिवाय ती शिफारस उचलू नका.

वजनाचे प्रकरण आपण बहुधा बरे लिहिता, त्यामुळे एवढेच: १ किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. हा आकडा रुग्णाला पटतो. तो छापा.

एक अवघड गोष्ट राहिली. गुडघ्यासाठी व्यायामाचा कोक्रेन आढावा (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा) २०२४ मध्ये नव्याने आला, आणि त्यात व्यायामाचा फायदा आधी वाटला होता त्यापेक्षा लहान आणि रुग्णाच्या दृष्टीने किती मोलाचा, याबद्दल शंका घेण्याजोगा दिसला. काही सहकाऱ्यांनी यावर मौन पाळायचे ठरवलेले दिसते. मला ते पटत नाही. मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहा की सरासरी फायदा मर्यादित आहे, तो आठवड्यांत दिसतो, दिवसांत नाही, आणि व्यायाम सोडला की ओसरतो. आणि हेही लिहा की गोळ्यांच्या तुलनेत धोका कितीतरी कमी आहे. मात्रा न पाळता दिलेला व्यायाम या लहान फायद्यातूनही वजा होतो, म्हणून तर मघाशी त्यावर इतके लिहिले.

आता मागण्या. प्रत्येक शिफारशीसमोर एक तक्ता द्या: मूळ मजकूर काय होता, आपण काय ठेवले, काय बदलले आणि कोणत्या कारणाने. ‘स्थानिक परिस्थिती’ हे कारण म्हणून चालणार नाही. कुठली परिस्थिती ते लिहा. समितीत मोठ्या रुग्णालयांचे प्रमुख असतातच. त्यांच्या बरोबरीने लहान केंद्रात एकट्याने काम करणारे दोन फिजिओथेरपिस्ट घ्या, आणि गुडघा किंवा खुबा दुखणारे किमान दोन रुग्ण, ज्यांच्यातला एक तरी जमिनीवर बसणारा असेल. त्यांचा प्रवासखर्च द्या, नाहीतर ते पहिल्या बैठकीनंतर येणार नाहीत. मसुदा छापण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारच्या केंद्रांत काही महिने वापरून बघा, आणि कुठल्या शिफारशी तिथे पाळताच आल्या नाहीत ते अंतिम आवृत्तीत नमूद करा. पुढची उजळणी कोणत्या वर्षी आणि कोण करणार, हे मुखपृष्ठामागच्या पानावर असू द्या.

पुढच्या आवृत्तीचा मसुदा हरकतींसाठी कधी खुला होणार, हे आपण अजून जाहीर केलेले नाही. तारीख कळवावी, आणि आलेल्या प्रत्येक हरकतीचे काय केले याचे लेखी उत्तर मसुद्यासोबत प्रसिद्ध करावे, ही विनंती. जमिनीवरून उठण्याबसण्याच्या पानाचा कच्चा आराखडा माझ्याकडे तयार आहे. समितीने मागितल्यास पाठवते.

आपली नम्र,
बाह्यरुग्ण विभागातील एक फिजिओथेरपिस्ट